टॉर्च जरा डावीकडे

फियाट एकोणऐंशी सालची. रंग
कागदावर बदामी,
प्रत्यक्षात तीन पेंटरांचे तीन बदामी.
दौलतगंजच्या आमच्या बोळात तिचं बॉनेट उघडलं
की समोरच्या जैनकाकांची सायकल अडते.
ते घंटी वाजवत नाहीत. उतरतात, आत डोकावतात,
"भाभी, इस बार क्या?"

दर वेळी काहीतरी असतंच.
मी हात काळे करते, श्रीरंग टॉर्च धरतो.
छत्तीस वर्षं हीच वाटणी.
दहा-अकराचा पाना मागितला की बारा-तेराचा देतो
आणि वर विचारतो, एवढं काय मोठं अंतर?
एका पैशाच्या फरकासाठी बँकेत
रात्री दहापर्यंत बसणारा माणूस!
टॉर्च मात्र मनापासून धरायचा.
एवढंच, की उजेड माझ्या हातावर कधी पडला नाही.
बॅटरीवर पडला, भिंतीवर पडला,
एकदा थेट चंद्राकडे,
कारण गच्चीवरून कुणीतरी हाक मारली होती.
"जरा डावीकडे."
"माझ्या की तुझ्या?"
आमची अर्धी भांडणं या एका वाक्यावर.

या माघात गाडीला नवी खोड लागली.
धुक्याच्या सकाळी सुरू व्हायची, मग उचकी,
पडावच्या पुलावर ठसका,
आणि ऊन चढलं की अगदी शहाणी.
मी प्लग बदलले. पॉइंट घासले,
भाचीच्या लग्नपत्रिकेचा तुकडा घालून गॅप धरला.
जेट तोंडानं फुंकले, जिभेवर दिवसभर पेट्रोल.
कंडेन्सर मारुतीचा लावला.
तारा पुन्हा खोचल्या, मोठ्यानं म्हणत:
एक, तीन, चार, दोन.
जैनकाकांचा सम्यक म्हणाला, आंटी, गिनती गलत है.
त्याला म्हटलं, बरोबर मोजलं तर ही चालत नाही रे.

पुण्याहून नणंदेचा फोन: विकून टाका ना आता.
आणि "मिस करून राहिली आहे" काय म्हणतेस,
हे कुठलं मराठी?
ग्वाल्हेरचं, वन्सं.
त्या कंडेन्सरसारखं. दुसऱ्या गाडीचा आहे,
पण ठिणगी पडते.

श्रीरंगचा हात गेल्या वर्षापासून थरथरतो.
डॉक्टरांनी नाव सांगितलं,
घरात आम्ही ते वापरत नाही.
चहा आता अर्धाच कप भरायचा.
टॉर्चचं त्यानं विचारलं नाही, मीही काढलं नाही.
कपाळाला बांधायचा दिवा आणला.
चांगला आहे, मान वळेल तिथे उजेड.
तो ओट्यावर बसून पाने लावत राहिला,
दहा-अकरा, बारा-तेरा,
पुन्हा दहा-अकरा.

परवा पहाटे त्या दिव्याचं चार्जिंग संपलं.
मी डिस्ट्रिब्युटरची कॅप हातात घेऊन अंधारात उभी.
मागे चपला वाजल्या.
उजेड आला: कॅपवर, माझ्या मनगटावर, कॅपवर,
स्वेटरच्या बाहीवर, पुन्हा कॅपवर.
दोन्ही हातांनी धरला होता त्यानं.
"नीट धर" अगदी ओठांवर आलं
आणि त्या काळ्या बेकेलाइटमध्ये
एक रेष चमकली. विझली.
चमकली.
केसाएवढी, तीनवरून चारकडे गेलेली.

स्थिर उजेडात चार वेळा पुसली होती मी ही कॅप.
ओल त्या भेगेत बसायची, ठिणगी वाट चुकायची.

"असाच धर."
"असाच म्हणजे?"
"आत्ता धरला आहेस तसा."

नवी कॅप लालवानीकडे नव्हती.
हजिऱ्याच्या भंगारात मिळाली, दोनशे रुपये,
वर एक निकामी रोटर फुकट.
बसवताना सवयीनं म्हटलं, जरा डावीकडे.
तो म्हणाला, माझ्या की तुझ्या?
जैनकाका सायकल धरून उभे होते.
त्यांना आज घाई नव्हती.